सत्तर धर

आजी गेल्याच्या चौथ्या दिवशी बाबांनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि घरात बरं अक्षर असलेली मी एकटीच, असं बाबांचं मत. मी ओटीवर बसून भरायला घेतला. नाव लिहिलं. नवऱ्याचं नाव लिहिलं. गाव पावस, तालुका रत्नागिरी, जिल्हा रत्नागिरी. मग वयाचा चौकोन आला आणि ओटीवरची माणसं भांडायला लागली.

बाबा म्हणाले, नव्वद. आत्या म्हणाली, नव्वद कसली, त्र्याण्णव तरी. शेजारचे काका म्हणाले, त्यांची आई आजीहून दोन वर्षांनी मोठी, ती गेली तेव्हा शहाण्णव होती आणि तिला जाऊन झाली पाच वर्षं, तेव्हा तुम्हीच काय तो हिशोब करा. हिशोब नव्याण्णववर येत होता. मी गुपचूप आजीच्या चंचीतून आधार कार्ड काढलं. त्यावर जन्मतारीख होती ०१/०१/१९४१. म्हणजे ब्याऐंशी.

"ब्याऐंशी?" आत्या म्हणाली. "मग मला काय चौदाव्या वर्षी जन्म दिलान?"

आत्याचा जन्म १९५५ चा, शाळेच्या दाखल्यावर आहे. आमच्या घरात जन्मतारीख नक्की असलेली सगळ्यात जुनी व्यक्ती तीच. तिच्या मागे सगळा अंदाजाचा कारभार.

फॉर्म तसाच बाजूला राहिला. नंतरचे काही दिवस माझं डोकं मात्र त्या चौकोनातच अडकलेलं होतं. आपलं इतकं प्रेम असलेल्या माणसाचं वय आपल्याला माहीत नाही, हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं.

*

आधारची ती तारीख कशी आली, हे मला माहीत होतं, कारण मी तिथे होते. २०११ साल. गावात आधारचा कॅम्प लागला होता, मी सोळा वर्षांची, आजीला हाताला धरून घेऊन गेले. बोटांचे ठसे घेताना मशीन कुरकुर करायला लागलं. आजीच्या बोटांवरच्या रेघा जवळपास पुसल्या होत्या. शेण, राख, चिखल, आंब्याचा चीक आणि विळा, एवढ्यांनी मिळून त्या खाऊन टाकल्या होत्या. कॅम्पातल्या मुलाने ओल्या फडक्याने बोटं पुसून पुसून चार-पाच वेळा दाबली. मग विचारलं, "आजी, जन्मतारीख?"

आजी हसली.

"बरं, वय किती?"

आजीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि भाजीवालीशी घासाघीस करावी तशा सुरात म्हणाली, "सत्तर धर."

त्याने धरलं. नुसतं वय सांगितलं की आधारमध्ये तेवढी वर्षं मागे जाऊन १ जानेवारी ही तारीख पडते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कार्डं काढून बघा, निम्म्यांचा जन्म १ जानेवारीचा निघेल.

पुढे कॉलेजात असताना मला उत्साह आला आणि एका ३१ डिसेंबरला मी रत्नागिरीहून केक घेऊन पावसला गेले. रात्री बारा वाजता आजीला उठवलं. ती घाबरून उठली, कोण गेलं म्हणून विचारलं. केक बघून म्हणाली, "माझा कसला वाढदिवस? तो दिवस सरकारनं दिलान." पण मेणबत्ती विझवली. केकवरचं क्रीम बोटाने चाखून म्हणाली, "साबणावाणी लागतंय." आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला मात्र सांगून आली की नातीने वाढदिवस केलान.

*

आजीला साल माहीत नव्हतं, पण काळ चांगला माहीत होता. तिची कालगणना वेगळी होती. अमुक गोष्ट कधी झाली असं विचारलं की ती सांगायची, रामदास बुडाली त्याच्या आधी, भूकंप झाला त्या थंडीत, स्वामी गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, संप झाला तेव्हा. मी फोनमध्ये एक नोट उघडली आणि तिच्या या खुणा सालांशी जोडायला बसले.

रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली, तास-दीड तासाच्या वाटेवर उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. आजीला स्वातंत्र्य आठवत नव्हतं, रामदास आठवत होती. तिचं माहेर गणेशगुळ्याचं, पावसच्या जवळच, डोंगर उतरून समुद्राला भिडणारं. घरातले पुरुष मुंबईला बोटीनेच जात-येत. ती सांगायची, बातमी आली तेव्हा लावणी चालू होती. आई चिखलातून तशीच वर आली आणि तरव्याची मूठ हातात धरून बांधावर बसून राहिली. नवरा मुंबईत होता. तो त्या बोटीवर असण्याचं काही कारण नव्हतं, पावसाळ्यात रत्नागिरीच्या बोटी बंदच असत आणि रामदास तर रेवसची. पण पत्र येईपर्यंत आईने भात गिळला नाही. "मी तेव्हा परकरात होते," आजी म्हणायची. "आईचा वाटा मीच लावला."

तरव्याच्या मुठी घेऊन आईच्या बरोबरीने लावणी करणारी मुलगी किती वर्षांची असेल? दहा? अकरा? मी नोटमध्ये लिहिलं, जन्म साधारण १९३६.

लग्न झालं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असणार. वरात पायीच आली, गुळ्याहून पावसला. आजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत लागलेले होते. लग्नाला महिनाभराची रजा, त्यातले आठ दिवस प्रवासात. मग ते गेले आणि आजी सासूबरोबर राहिली. पुढची तीस वर्षं तिचा नवरा वर्षातून दोनदा यायचा, मे महिन्यात आणि गणपतीला. सुट्टी मिळाली तर शिमग्याला. मी एकदा हिशोब केला. लग्नाच्या सदतीस वर्षांतली जेमतेम दहा वर्षं ती दोघं एका छपराखाली होती.

ती स्वतः मुंबईला एकदाच गेली, आत्या सहा वर्षांची असताना. पावसहून भाट्यापर्यंत डोक्यावर गठडी घेऊन, भाट्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता म्हणून तरीतून पलीकडे, मग रत्नागिरीच्या बंदरात पडावात बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत. बोटीत ती पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती. लालबागला आजोबांचा गाळा होता, म्हणजे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गाववाले. तिची सोय कुणा नातेवाइकाच्या चाळीत केली. मुंबईचं वर्णन ती एका वाक्यात करायची. "तिथं पाणी भिंतीतून येतं, पण पाय पसरायला जागा नाय." पावसाळ्याच्या तोंडावर ती परत आली. भात लावायचं होतं.

भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा. बाबा तेव्हा वर्षाचे होते. आजी त्यांना पोटाशी धरून खळ्यात आली आणि उजाडेपर्यंत तिथेच बसली. आत्या आणि बाबा यांच्यामध्ये अकरा वर्षांचं अंतर आहे. मधली दोन राहिली नाहीत. त्यांची नावं तिने मला एकदाच सांगितली होती, मी ती नोटमध्ये लिहिली आहेत.

स्वामी म्हणजे स्वामी स्वरूपानंद. पावस हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यांनी बहुधा त्यांच्यामुळेच ऐकलंय. १९०३ साली याच गावात जन्मले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि नंतर जवळपास चाळीस वर्षं देसायांच्या घरातल्या एका खोलीत राहिले. आज गौतमी नदीकाठी त्यांच्या समाधी मंदिराला बसगाड्या भरून माणसं येतात, दुपारी खिचडीचा प्रसाद घेतात, आवळ्या-कोकमाचं सरबत घेऊन परत जातात. आजीला मात्र ते दिवस आठवायचे, जेव्हा गावात एसटीतून उतरलेला परका माणूस दिसला की पोरंटोरं मागे लागायची. स्वामी गेले १५ ऑगस्ट १९७४ ला. त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्याचं लग्न झालं, फणसोपला. विसाव्या वर्षी. "मी हिला चार वर्षं जास्त ठेवली घरात," आजी अभिमानाने सांगायची.

*

मग संप. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. इतिहासाच्या पुस्तकात तो मुंबईचा संप आहे. पण त्याची झळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या चुलींपर्यंत आली, कारण त्या मनिऑर्डरवर पेटत होत्या. आमच्याकडे पोस्टमन महिन्याच्या दहा-बारा तारखेला यायचा. आजी सांगायची, फेब्रुवारीत तो आला नाही. मार्चमध्ये दिसला, पण पाखाडीवरूनच हात हलवून पुढे गेला. मे महिन्यात आजोबा आले ते ट्रंक घेऊनच आले.

संप कुणी मागे घेतला नाही. तो नुसता विरून गेला. आजोबा परत जायची वाट बघत पडवीत बसून राहिले. चोपन्न-पंचावन्नचा माणूस, उभा जन्म साच्यावर गेलेला, त्याला ना नांगर धरता येत होता ना झाडावर चढता. आजीने त्यांना कधी काही बोललं नाही, असं आत्या सांगते. ती फक्त पहाटे एक तास लवकर उठायला लागली. लोकांच्या लावणीला गेली, बागायतदारांकडे आंबे वेचायला, पेट्या भरायला गेली. १९८९ साली आजोबा गेले. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, ठाण्यात एका वर्कशॉपमध्ये उमेदवारी करत होते.

आजीचं खरं आयुष्य मला वाटतं तिथून सुरू झालं. तेव्हा ती त्रेपन्नच्या आसपास असेल.

आमची घरामागे दीड एकर वरकस जमीन होती. गवत आणि करवंदीच्या जाळ्या. १९९० साली सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत कलमं लावायची, खर्च सरकार देणार. आज कोकणात डोंगरउतारावर आंबा-काजूच्या ज्या बागा दिसतात, त्यातल्या कितीतरी या योजनेतून उभ्या राहिल्या. आजीने ही गोष्ट कुणाच्या तरी पडवीत ऐकली आणि अर्ज करायला गेली. अंगठा लावा म्हणाले. ती म्हणाली, थांबा. घरी आली. गावात तेव्हा साक्षरतेचे वर्ग चालायचे. रात्री कंदील घेऊन ती तिथे जायला लागली. सगळं वाचायला ती कधीच शिकली नाही. तिला फक्त एक गोष्ट हवी होती. महिनाभर चुलीतल्या कोळशाने पडवीच्या चिऱ्यांवर ती स्वतःचं नाव गिरवत होती. मग गेली आणि सही केली.

तिने ती का केली, हे मला तीस वर्षांनी कळलं. त्याचं पुढे सांगते.

हापूसची कलमं १० मीटरवर एक लावतात, हेक्टरी १००. आमच्या दीड एकरात साठ बसली. खड्डे पहारीने खणायचे, कारण वीतभर मातीखाली जांभा. उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला पाणी, तेही खालच्या पऱ्यातल्या डबक्यातून घागरीने वर चढवून. झाडं जगली तर पुढचा हप्ता. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आजीने किती घागरी नेल्या असतील, याचा हिशोब मी करायला घेतला आणि सोडून दिला. साठातली सत्तावन्न जगली. पाच-सहा वर्षांनी मोहोर धरला. माझ्या जन्माच्या पुढच्या वर्षी घरात आमच्या कलमांची पहिली पेटी भरली, म्हणून ती मला पायगुणाची म्हणायची.

मला आठवते ती आजी म्हणजे मे महिन्यातली, आढी लावलेल्या खोलीतली. भाताचं पेंढं अंथरून त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढं. ती अंधारात नुसत्या वासावरून सांगायची, कुठल्या कोपऱ्यातला उद्या होईल, कुठला परवा. मला हात लावू द्यायची नाही. "दाबू नको गो बाय, त्याला लागतं."

*

२०२१ च्या मे महिन्यात मी पावसलाच होते. कंपनीचं काम घरून, ठाण्यात दुसरी लाट. लॅपटॉप पडवीत, रेंज फक्त पायरीवर. १६ मे ला तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर बागेतून आंबे पडल्याचे आवाज येत होते, थप्, थप्. सकाळी बघितलं तर झाडाखाली हिरवा सडा. दोन कलमं मुळासकट आडवी. वर्षाचं उत्पन्न जमिनीवर पडलेलं. बाबा ठाण्यात अडकलेले, फोनवर मला आवाज फुटेना.

आजी टोपली घेऊन आली आणि पडीचा आंबा वेचायला बसली. निबर होते ते आढीला, कोवळे आंबोशीला. दुपारभर आम्ही दोघी विळीवर बसून फोडी करत होतो. तेव्हा तिने ते सांगितलं. आडव्या पडलेल्या कलमाकडे बघत, सहज सांगावं तसं.

तिच्या वडलांची गुळ्याला चार कलमं होती, खूप जुनी, आणि थोडं शेत. वडील गेले १९६३ च्या सुमाराला. दिवस झाल्यावर थोड्या दिवसांनी भाऊ आला. बरोबर एक लुगडं, एक नारळ आणि एक कागद. म्हणाला, तलाठ्याला द्यायचाय, घरच्यांचे अंगठे लागतात. आजीने लावला. त्या कागदाने तिचा हिस्सा गेला. सात वर्षांपूर्वी, १९५६ साली, वडलांच्या मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच वाटा देणारा कायदा झाला होता. तो आजीला माहीत नव्हता. भावाला माहीत होता, म्हणून तर तो कागद घेऊन आला होता.

"मेल्यानं लुगडं आणलंन नि अंगठा घेतलान," ती म्हणाली. "हिरवं लुगडं होतं. मी नेसले पण ते. दोन वर्षं नेसले."

नंतर तिला कुणीतरी सांगितलं. ती भावाकडे गेली नाही, भांडली नाही. भाऊबीजेला तो येत राहिला, ती ओवाळत राहिली. दर मे महिन्यात तो गुळ्याच्या कलमांचे आंबे पाठवायचा.

"किती?" मी विचारलं.

"सहा," आजी म्हणाली. "मोजून."

विळीवर फोडी करायचा तिचा हात थांबला नाही. मी विचारलं, तू कुणाला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "सांगून काय? माहेर तुटलं असतं." मग थोड्या वेळाने, "तुला सांगितलं म्हणून बापाशी बोलू नको. त्याचा मामावर जीव होता."

मी बोलले नाही. दोन वर्षं.

*

ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीने ७५ वर्षांवरच्या माणसांना फुकट प्रवास सुरू केला. अर्धं तिकीट आजीला आधीपासून होतं, पण तिच्या लेखी अर्धं म्हणजे पैसेच. फुकट म्हटल्यावर ती बदलली. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी चंचीत, चंची कमरेला, आणि बाई सकाळच्या गाडीला उभी. गोळप, कोळंबे करत फणसोपला आत्याकडे. बाबा मला फोन करून तक्रार करायचे, हे काय वय आहे का फिरायचं. मी विचारायचे, कुठलं वय?

ती आत्याकडे जाऊन काय करायची? आत्या सांगते, काही नाही. पडवीत बसायची, चहा प्यायची, घराकडे, भांड्यांकडे, नातसुनेकडे बघायची, आणि चारच्या गाडीने परत. लग्न होऊन सत्तेचाळीस वर्षं झालेल्या मुलीकडे कामाशिवाय, लग्न-मयताशिवाय, नुसतं बसायला जाणं तिला पहिल्यांदा परवडलं होतं. पाच वेळा गेली. एकदा गाडी न थांबता भाट्यापर्यंत गेली, तर तिथे उतरून पुलावरून खाडी बघत उभी राहिली म्हणे. ज्या आधारवर तिचं वय खोटं होतं, त्याच आधारवर तिने आयुष्यातली सगळ्यात मोकळी भटकंती केली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका सकाळी ती चुलीपाशी बसल्या बसल्या भिंतीला टेकली आणि गेली. बागेत मोहोर ओसरून कण्या धरल्या होत्या.

*

बाबा वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. ठाण्यात तीस वर्षं नोकरी करून त्यांनी दर उन्हाळ्यात पावसला राबून बाग राखली. फवारणी, राखण, पेट्या, वाशीचा दलाल, सगळं त्यांनीच बघितलं. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आजी, बाबा आणि आत्या अशी तीन नावं लागली होती. तेव्हाच चुलत्यांनी स्टॅम्पपेपर आणला होता, आत्याने हक्कसोड करावं म्हणून. आजीने तो परत पाठवला, एवढं बाबांना आठवत होतं. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता आजीचं नाव कमी व्हायचं होतं, आणि त्याबरोबर आत्याने सही करून मोकळं व्हावं, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सगळ्यांकडे असंच करतात. कुणी आवाजसुद्धा चढवत नाही.

दहाव्याला गौतमीवर पिंड ठेवले. कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं म्हणतात, मग घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात. खोटं कशाला सांगू, माझा या सगळ्यावर विश्वास नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात कावळ्याला विनवत होते की शिवू नकोस. थोडं ताण. बाबांना विचार करू दे, काय राहिलं असेल तिचं. कावळा आला आणि एका मिनिटात भात घेऊन गेला. "सुटली हो," सगळे म्हणाले. "काही ठेवलं नाही मागे."

म्हणजे बोलायचं मलाच होतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर ओटीवर बाबा, आत्या, चुलते बसले होते. बाबांनी विषय काढला, अगदी हळू आवाजात, ताई, ते कागदाचं तेवढं. मी मध्ये पडले. हिरवं लुगडं, नारळ, कागद, अंगठा, सहा आंबे, सगळं सांगितलं. आजीने सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. माझा आवाज कापत होता आणि मला त्याची लाज वाटत होती.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते आत, आढीच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ते सहा आंबे मी खायचो. आये एक पण खायची नाही. मला वाटायचं, माझ्यासाठी ठेवते."

कुणी काही बोललं नाही. चुलत्यांनी पान लावायला घेतलं.

मग आत्याने आपली पर्स उघडली. आतून आधार कार्ड, दोन फोटो आणि एक पेन काढून सतरंजीवर ठेवलं. "मी सही करायलाच आले होते रे," ती म्हणाली. "फोटोपण काढून आणलेत." तिने त्या वस्तूंकडे एकदा पाहिलं आणि एकेक करून पुन्हा पर्समध्ये भरल्या. "आता नाही करत."

बाबा हसले की रडले ते मला कळलं नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मामा गेल्याला वीस वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याकडून तो पुन्हा काढून घेतला होता. याचं मला अजून वाईट वाटतं. आजीचा शब्द मोडल्याचंही वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी गप्प बसेन असं नाही.

*

मृत्यूच्या दाखल्यावर वय ब्याऐंशीच लागलं, आधारप्रमाणे. माझ्या नोटमध्ये साधारण सत्याऐंशी आहे. बाबा अजून नव्वद म्हणतात. मी वाद घालत नाही.

एप्रिलच्या शेवटी मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड केला. दोन नावं. बाबांचं आणि त्याखाली आत्याचं. स्क्रीनशॉट काढून आत्याच्या नातवाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याने तो मोठा करून तिला दाखवला म्हणे. तिने चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, मग म्हणाली, पुन्हा दाखव.

मे महिन्यात आत्या चार दिवस राहायला आली. आम्ही दोघी एसटीनेच आलो. मार्चपासून सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे कंडक्टरने मलाही अर्धंच फाडलं. "आयेला फुकट होतं," आत्या म्हणाली. "मला अजून सात वर्षं."

त्या वर्षी आंबा बेताचाच होता. बाबा झेल्याने काढत होते, आम्ही देठ तपासून पेट्या भरत होतो. आत्या प्रत्येक कलमाखाली जाऊन उभी राहायची आणि वर बघायची. लहानपणी इथे नुसतं गवत होतं, ती म्हणाली, आम्ही इथे गुरं सोडायचो. संध्याकाळी आढीच्या खोलीत ती माझ्या आधी शिरली आणि मी एक आंबा उचलला तर ओरडली, "दाबू नको."

निघायच्या दिवशी बाबांनी तिच्यासाठी पेटी भरायला घेतली. खाली पेंढं, त्यावर एक थर लावला आणि सवयीने मोजायला लागले, एक, दोन, तीन.

"मोजू नकोस," आत्या म्हणाली. "भर नुसती."